क्लीव्हलँडवर बाहेरचे लिहितात ते, आणि आम्ही राहतो ते

अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या क्लीव्हलँडला बाहेरून कोणी पत्रकार किंवा ट्रॅव्हल व्हिडिओवाला आला, दोन दिवस राहिला आणि लिहून गेला, की पुढचे चार दिवस इथे तोच विषय. ऑफिसच्या ग्रुपवर लिंक येते, मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲपवर कोणीतरी "बघा, आपलं गाव पेपरात" म्हणून टाकतं, शेजारचे आजोबा कुंपणापाशी थांबून विचारतात वाचलंस का म्हणून. आणि लेख नीट वाचायच्याही आधी सगळे दोनच गोष्टी शोधतात, नदीला आग लागली होती हे लिहिलंय का, आणि शहर चांगलं निघालं याचा लेखकाला धक्का बसलाय का. बहुतेक वेळा दोन्ही असतं. पहिल्या परिच्छेदात नदी पेटते आणि तिसऱ्यात लेखक थक्क होतो.

मी मूळची सोलापूरची, आता बरीच वर्षं क्लीव्हलँडच्या पश्चिमेला लागून असलेल्या लेकवुडमध्ये राहते. सोलापूर म्हटलं की पुण्या-मुंबईच्या माणसाला चादर, शेंगाची चटणी आणि बंद पडलेल्या गिरण्या एवढंच आठवतं, आणि तिथे आजही लाखो माणसं रोज उठून कामाला जातात, मुलांच्या ॲडमिशनची काळजी करतात, संध्याकाळी सिद्धेश्वरच्या तळ्याकडे चक्कर मारतात हे कोणाच्या डोक्यातच येत नाही. त्यामुळे क्लीव्हलँडबद्दल असं काही वाचलं की मला ते इथल्या माणसांइतकंच लागतं. म्हणून आज सगळं एकदाच लिहून टाकतेय, थोडं लांबेल.

आधी नदीचं बोलू, कारण तिथूनच सगळं सुरू होतं. कायाहोगा नदी शहराच्या मधोमध वळणं घेत घेत लेक एरीला मिळते. २२ जून १९६९, रविवार, दुपारची वेळ. पुलावरून जाणाऱ्या ट्रेनची ठिणगी पाण्यावर तरंगणाऱ्या तेलकट कचऱ्यावर पडली असं मानतात, आणि आग लागली. अर्ध्या तासाच्या आत विझली. रेल्वेच्या दोन पुलांचं नुकसान झालं, साधारण ५० हजार डॉलरचं. फोटोग्राफर पोचेपर्यंत ज्वाळाच उरल्या नव्हत्या, त्यामुळे त्या दिवशीच्या पेटत्या नदीचा फोटो आजवर कोणाला मिळालेला नाही. गावातल्या पेपरातसुद्धा बातमी छोटीशीच आली. कारण ही नदी पहिल्यांदा थोडीच पेटली होती, १८६८ पासून दहा-बारा वेळा तरी पेटलेली, १९१२ च्या आगीत पाच माणसं गेली, १९५२ च्या आगीत तर दहा लाख डॉलरच्या वर नुकसान झालं.

मग ऑगस्ट १९६९ मध्ये टाइम मासिकात अमेरिकेतल्या नद्यांच्या प्रदूषणावर लेख आला आणि सोबत मोठा फोटो, धुराचे लोट, ज्वाळांनी वेढलेली बोट. तो फोटो १९५२ चा होता. १७ वर्षांपूर्वीचा. पण तो देशभर गेला आणि क्लीव्हलँड म्हणजे पेटलेली नदी हे समीकरण पक्कं झालं ते आजतागायत.

मला ह्यातला राग फोटोचा नाही. राग आहे जे सांगितलं जात नाही त्याचा. आग लागायच्या आधीच, नोव्हेंबर १९६८ मध्ये, क्लीव्हलँडच्या मतदारांनी नदी साफ करण्यासाठी १० कोटी डॉलरच्या बाँडला मंजुरी दिली होती. म्हणजे कोणी मासिकवाल्याने लाज काढली म्हणून हे शहर जागं झालं असं नाहीये, माणसांनी स्वतःच्या खिशातून पैसे द्यायचं आधीच ठरवलेलं होतं. तेव्हाचे महापौर कार्ल स्टोक्स, अमेरिकेतल्या मोठ्या शहराचे पहिले कृष्णवर्णीय महापौर, १९६७ मध्ये निवडून आलेले, ते आगीच्या दुसऱ्याच दिवशी पत्रकारांना घेऊन नदीवर गेले, घाण पाणी कुठून कुठून येतंय ते एकेक जागी उभं राहून दाखवलं. १९७२ मध्ये अमेरिकेत स्वच्छ पाण्याचा कायदा झाला त्याच्यामागे ह्या नदीचा मोठा हात आहे. आज सगळ्या अमेरिकेतल्या नद्यांना जे संरक्षण आहे त्यात ह्या शहराचा वाटा आहे, आणि वाट्याला काय आलं तर पन्नास वर्षं टिंगल.

आत्ता नदीवर जाऊन बघा. फ्लॅट्स म्हणून जो खालचा भाग आहे तिथे एक अगदी अवघड वळण आहे, कोलिजन बेंड, तिथे उन्हाळ्यात संध्याकाळी बसायला मला फार आवडतं. सहाशे फुटांहून लांब मालवाहू जहाज, पोटात लोखंडाचं खनिज भरलेलं, वरच्या स्टील मिलकडे निघालेलं, त्या वळणावर असं काही हळूहळू तिरकं होतं की पुढचं टोक ह्या काठाला लागेल की मागचं त्या काठाला असं वाटत राहतं, आणि डेकवरचा माणूस शांतपणे काठावरच्या पोरांना हात करतो. जहाज जाईपर्यंत रोइंग करणाऱ्या शाळेच्या मुलींच्या होड्या एका बाजूला थांबून राहतात, मग पाणी निवळलं की परत वल्ही मारायला लागतात. एकेकाळी ज्या पट्ट्यात मासा नावाला सापडत नव्हता तिथे आता सत्तरच्या आसपास जातींचे मासे आहेत, आणि २०१९ मध्ये, आगीला पन्नास वर्षं झाली त्याच वर्षी, इथले मासे खाण्यावरचे जादाचे निर्बंधही उठले. पावसात गटाराचं पाणी नदीत आणि तळ्यात जाऊ नये म्हणून जमिनीखाली प्रचंड बोगदे खणायचं काम चाललंय, २५ वर्षांचा आणि तब्बल ३ अब्ज डॉलरचा कार्यक्रम आहे आणि त्याचे पैसे इथल्या लोकांच्या गटाराच्या बिलातून जातात. ट्रॅव्हलवाल्यांना बोगद्यांचा फोटो काढता येत नाही हे मला कळतं, पण नदीची गोष्ट सांगायचीच असेल तर ती १९६९ ला सोडून कशी देता येईल, ती अजून चालू आहे ना.

१९७८ चंही तसंच. १५ डिसेंबर १९७८ ला क्लीव्हलँड बँकांचं कर्ज वेळेत फेडू शकलं नाही, तीसच्या दशकातल्या महामंदीनंतर कर्ज थकवणारं पहिलं मोठं शहर अशी देशभर बातमी झाली. लेखात एवढं एक वाक्य असतं. पण तेव्हा काय झालं होतं हे इथल्या कोणत्याही साठी-सत्तरीच्या माणसाला विचारा. शहराची स्वतःची वीज कंपनी होती, ती खाजगी कंपनीला विकून टाका म्हणून दबाव होता, महापौर डेनिस कुसिनिच, वय बत्तीस, विकत नाही म्हणाले. कर्ज थकलं, त्यांची पुढची निवडणूकही गेली. पण फेब्रुवारी १९७९ मध्ये लोकांनी मत दिलं की वीज कंपनी विकायची नाही, आणि त्याच दिवशी स्वतःवरचा कर वाढवायलाही होकार दिला. ती वीज कंपनी आजही शहराच्या मालकीची आहे. माझ्या शेजारच्या आजोबांनी आयुष्यभर स्टील मिलमध्ये काम केलं, त्यांच्या घरी हा विषय निघाला की ते अजूनही खुर्चीत पुढे सरकून बसतात. त्यांच्यासाठी १९७८ हे लाजेचं वर्ष नाहीच मुळी.

आता दुसऱ्या प्रकारचे लेख. गेल्या दहा-पंधरा वर्षांत वारं फिरलं. २०१० मध्ये फोर्ब्सने क्लीव्हलँडला देशातलं सगळ्यात दुःखी शहर ठरवलं होतं, बेकारी, टॅक्स, हवा, भ्रष्टाचार, सारख्या हरणाऱ्या टीम्स, सगळं त्यात धरलेलं. मग २०१६ मध्ये इथली बास्केटबॉल टीम कॅव्हलिअर्स अजिंक्यपद जिंकली, त्याआधी ५२ वर्षांत शहराच्या कुठल्याच मोठ्या टीमला अजिंक्यपद मिळालं नव्हतं, आणि जी मिरवणूक निघाली तिला लाखो माणसं रस्त्यावर, पार्किंगच्या इमारतींच्या कठड्यांवर, सिग्नलच्या खांबांवर. ती मिरवणूक २२ जूनला होती. नदी पेटली तीच तारीख, ४७ वर्षांनंतर. आणि लगेच पुढच्याच महिन्यात रिपब्लिकन पक्षाचं अधिवेशन इथे झालं, हजारो पत्रकार आले, आणि तेव्हापासून सगळ्यांना एकदम शोध लागला की इथे चांगलं जेवण मिळतं, म्युझियम आहे, तळं आहे.

ह्या लेखांचा रस्ता ठरलेला. रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमची काचेची इमारत, आय. एम. पेईने डिझाइन केलेली, १९९५ ची. मग वेस्ट साइड मार्केट. मग ईस्ट फोर्थ स्ट्रीटवर जेवण, ओहायो सिटी नावाच्या वस्तीत बिअर, म्युझियम ऑफ आर्ट फुकट आहे याचं कौतुक, आणि शेवटी तळ्याकाठी मोठ्या पांढऱ्या अक्षरातल्या क्लीव्हलँड नावासमोर फोटो. ह्यातलं काहीच खोटं नाही. म्युझियम खरंच सुंदर आहे, १९१६ पासून उघडं आहे आणि आत जायला एक पैसा लागत नाही, माझी आई आली होती तेव्हा तिसऱ्या दिवशी तिने स्वतःहून परत जाऊ म्हणून सांगितलं आणि भारतीय शिल्पांच्या दालनात चोळकालीन नटराजासमोर बराच वेळ बसून राहिली.

पण ही गोष्ट ज्या सुरात सांगितली जाते तो सूर मला नदीच्या जोक्सपेक्षा जास्त खटकतो. पाहुणा घरी येऊन म्हणाला, अरे तुमच्याकडे तर चमचेसुद्धा आहेत, तर आपण खूश व्हायचं का? क्लीव्हलँड ऑर्केस्ट्रा १९१८ पासून आहे. क्लीव्हलँड क्लिनिक हे मोठं हॉस्पिटल १९२१ पासून. आपल्याकडे घरोघरी ज्या बायपासचं नाव माहीत आहे ती पायाची शीर काढून हृदयाला जोडायची पद्धत १९६७ मध्ये रेने फावालोरो ह्या अर्जेंटिनाच्या सर्जननी इथेच बसवली, म्हणजे ज्या काळात नदी जळत होती त्याच काळात. दोन्ही गोष्टी एकाच शहरात एकाच वेळी चालू होत्या. शहर मेलं आणि मग जिवंत झालं असं काही झालेलंच नाही, इथे माणसं सतत होती आणि सतत काहीतरी करत होती.

हो, कमी झाली हे मात्र खरं, आणि ते लपवायचं कारण नाही. १९५० मध्ये शहराची लोकसंख्या ९ लाख १४ हजार होती, २०२० च्या जनगणनेत ३ लाख ७२ हजार. कारखाने गेले, पैसेवाले आणि मुख्यतः गोरे लोक उपनगरांत गेले, बँकांनी कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांना कर्ज द्यायचं नाही म्हणून नकाशावर लाल रंग फासलेला, मधून हायवे काढले, १९६६ मध्ये हफ भागात दंगल झाली, आणि २००७-०८ मध्ये घरकर्जांचा फुगा फुटला तेव्हा स्लाव्हिक व्हिलेजसारख्या वस्तीत रस्तेच्या रस्ते रिकामे झाले. हे सगळं बाजूला ठेवून नुसतं 'शहर परतलं' म्हणणाऱ्यांना मला विचारावंसं वाटतं, परतलं ते कोणासाठी?

ह्याचं उत्तर बसमध्ये मिळतं. युक्लिड ॲव्हेन्यूवर हेल्थलाइन नावाची बस आहे, २००८ मध्ये सुरू झाली, पुण्याच्या बीआरटीसारखी रस्त्याच्या मधून स्वतंत्र लेन. डाउनटाउनच्या पब्लिक स्क्वेअरला चढायचं. पहिल्या काही मिनिटांत प्लेहाउस स्क्वेअरची जुनी थिएटरं, भर रस्त्यावर टांगलेलं भलंमोठं झुंबर, मग क्लीव्हलँड स्टेट युनिव्हर्सिटी. इथपर्यंतचे फोटो सगळ्या लेखांत असतात. मग मिडटाउन सुरू होतं, रिकामे प्लॉट, मधूनच एखादं दगडी चर्च, १८२४ चं एक लाकडी घर ज्याचं आता म्युझियम केलंय. एकेकाळी ह्याच रस्त्यावर करोडपतींचे वाडे होते, रॉकफेलरचाही, त्याची स्टँडर्ड ऑइल १८७० मध्ये इथेच निघाली. ह्या पट्ट्यात बसमध्ये कोण चढतं तर क्लिनिकमध्ये साफसफाईच्या शिफ्टला जाणाऱ्या बायका, युनिफॉर्म घातलेले सिक्युरिटीवाले, डायलिसिसला निघालेले म्हातारे, मांडीवर बाळ आणि हातात फोल्ड केलेली बाबागाडी अशी एखादी पोर. ड्रायव्हर बऱ्याच जणांना ओळखतो. मग अचानक क्लिनिकच्या काचेच्या इमारती, मग युनिव्हर्सिटी सर्कल, म्युझियम, ऑर्केस्ट्राचा सेव्हरन्स हॉल, आणि इथून परत लेखातलं क्लीव्हलँड चालू. लेखांना दोन टोकं माहीत आहेत, मधलं माहीत नाही, आणि बस तर मधल्यांच्याच जिवावर चालते.

आणि मधलं म्हणजे नुसती गरिबी असंही नाही, हे मुद्दाम सांगतेय कारण दुसऱ्या बाजूचे लोक तेवढंच दाखवतात. क्लिनिकपासून चालत जाता येईल एवढ्या अंतरावर करामू हाउस आहे, १९१५ मध्ये सुरू झालेलं, देशातलं सगळ्यात जुनं कृष्णवर्णीय थिएटर. लँग्स्टन ह्यूज हे मोठे कवी शाळकरी वयात क्लीव्हलँडला होते, त्यांचं ह्या जागेशी नातं आहे. आम्ही तिथे एकदा नाटकाला गेलो होतो. लाइट जाईपर्यंत सगळे एकमेकांशी गप्पा मारत होते, पुढच्या रांगेतल्या बाईंनी मागे वळून आम्हाला विचारलं कुठून आलात, सोलापूर कुठे आलं ते समजावून घेतलं आणि मध्यंतरात स्वतःच्या बहिणीशी ओळख करून दिली. थोडं उत्तरेला ग्लेनव्हिल, जिथे दोन शाळकरी ज्यू मुलांनी सुपरमॅन तयार केला. सुपरमॅनचं गाव म्हणून ह्या वस्तीत बसेस भरून लोक यायला हवेत खरं तर.

वेस्ट साइड मार्केटबद्दल थोडं थांबून सांगते. १९१२ ची इमारत, वर टाइल्सची उंच कमान, बाहेर घड्याळाचा मनोरा. पूर्व युरोपातून आलेल्या लोकांनी वाढवलेलं मार्केट, त्यामुळे पिएरोगी म्हणजे आपल्या करंजीच्या आकाराचे उकडलेले, आत बटाटा-चीज भरलेले, आणि स्मोक केलेलं मांस, पण आता फलाफल, मसाले, सगळंच. शनिवारी सकाळी वरच्या गॅलरीत फोन धरून फोटो काढणाऱ्यांची रांग आणि खाली स्टॉलवर गिऱ्हाईक कमी असं चित्र मी कितीतरी वेळा बघितलंय. मी ज्या बाईंकडून भाजी घेते त्या एकदा म्हणाल्या, "फोटो काढा की, पण निदान दोन टोमॅटो तरी घेऊन जा." बऱ्याच वर्षांत काही स्टॉल रिकामे पडले, छप्पर आणि फ्रीजर जुने झाले, आणि इथल्या लोकांना त्याची काळजी आहे. मार्केट टिकतं ते आठवड्याचं सामान तिथून घेणाऱ्यांमुळे. हे एखाद्या लेखात दोन ओळीत लिहिलं तर वाचून जाणारा पर्यटकसुद्धा पिशवी घेऊन जाईल असं मला मनापासून वाटतं.

आता इथले लोक ह्या सगळ्याला काय उत्तर देतात ते. माझ्या बघण्यात तीन-चार पद्धती आहेत आणि त्या वयावर खूप अवलंबून आहेत.

सत्तरच्या दशकात तरुण असलेली पिढी अंगावर घेते. तेव्हा टी-शर्ट निघाले होते, क्लीव्हलँडमध्ये राहायचं तर टफ असावं लागतं अशा अर्थाचे, आणि ते लोक अजूनही तसेच बोलतात. तुला नाही आवडलं? नको येऊस. १९८१ मध्ये इथल्या प्लेन डीलर पेपरने, न्यूयॉर्क जर सफरचंद ('बिग ॲपल') असेल तर आम्ही प्लम आहोत, अशी मोहीम काढली होती, बिल्ले, पोस्टर, सगळं. आजोबांच्या गॅरेजमध्ये त्यातला एक बिल्ला अजून आहे, तो थट्टेने नाही ठेवलेला.

त्यानंतरच्या पिढीने दुसऱ्याने हसायच्या आधी आपणच हसायचं ठरवलं. ग्रेट लेक्स ब्रुइंगने तर बिअरलाच पेटत्या नदीचं नाव दिलं. २००९ मध्ये इथल्याच एका कॉमेडियनने शहराची खोटी जाहिरात म्हणून छोटे व्हिडिओ केले, राखाडी आकाश, रिकामे कारखाने, आणि शेवटी निदान आम्ही डेट्रॉइट तर नाही असा मुद्दा. लाखो लोकांनी बघितले. मला त्यामागचं दुखणं समजतं, पण डेट्रॉइटवर पाय ठेवून आपण उंच व्हायचं हे मात्र मला कधीच पटलं नाही. तीच तळी, तेच स्टील, तेच कारखाने, त्याच युनियन्स. तिथल्या मिशिगन सेंट्रल स्टेशनचे पडक्या अवस्थेतले फोटो जगभर वर्षानुवर्षं फिरले, १९८८ मध्ये बंद पडलेलं ते स्टेशन फोर्डने २०१८ ला विकत घेऊन २०२४ मध्ये दुरुस्त करून उघडलं, तर त्या दिवशी ऑफिसमधल्या डेट्रॉइटच्या मुलीच्या डोळ्यात पाणी होतं. आपण तिच्या बाजूचे असायला हवं.

आणि तिशीतली मुलं, ती चांगला लेख आला की खरंच खूश होतात, शेअर करतात, नवीन आलेल्यांना पाठवतात. त्यांना मी नावं ठेवत नाही. ज्यांनी लहानपणापासून स्वतःच्या गावाची चेष्टाच ऐकली त्यांना कोणी चांगलं म्हटलं की बरं वाटणारच. पण त्याच मुलांमधली पूर्वेकडच्या वस्त्यांतली, कृष्णवर्णीय घरांतली मुलं गप्प असतात. माझ्याबरोबर काम करणारा एक जण ली-हार्वर्ड भागात वाढला, त्याने एका लेखाची लिंक बघून एवढंच म्हटलं की ह्यात माझ्या ओळखीचा एकही रस्ता नाही. तो चिडला नव्हता. मला त्याचं ते बोलणं आठवडाभर पुरलं.

आपल्या लोकांचं म्हणाल तर आपण पण ह्या गोष्टीत कुठेच नसतो. १९७८, ज्या वर्षी देशभरचे पेपर क्लीव्हलँड संपलं म्हणून लिहीत होते, त्याच वर्षी इथे काही भारतीय कुटुंबांनी त्यागराज आराधना सुरू केली. आज तो भारताबाहेरच्या कर्नाटक संगीताच्या सगळ्यात मोठ्या महोत्सवांपैकी एक आहे, ईस्टरच्या सुमाराला दहा-बारा दिवस, मुख्य कार्यक्रम क्लीव्हलँड स्टेटमध्ये. चेन्नईहून दिग्गज येतात, अमेरिकेच्या कानाकोपऱ्यातून पोरं आई-बाबांबरोबर स्पर्धेला येतात, बाहेर बर्फ पडत असतो आणि कॉरिडॉरमध्ये कांजीवरम नेसलेल्या, वर जाड जॅकेट घातलेल्या मुली भिंतीकडे तोंड करून सरळी, म्हणजे सुरांचे सुरुवातीचे धडे, घोटत असतात. मराठी घरंही जातात, आमच्या ओळखीतला एक मुलगा तिथे ऐकूनच मृदंग शिकायला लागला. मी वाचलेल्या एकाही ट्रॅव्हल लेखात ह्याबद्दल एक ओळ नाही. तसंच रॉकफेलर पार्कमधल्या कल्चरल गार्डन्स, १९१६ पासून एकेका समाजाने आपापली बाग केलीय, तीसहून जास्त बागा एकाच ओढ्याच्या काठाने, त्यात आपली भारताची पण आहे, चालत्या मुद्रेतले गांधीजी उभे आहेत. ऑगस्टमध्ये तिथे वन वर्ल्ड डे असतो, झेंडे घेऊन मिरवणूक निघते, लिथुआनियन आज्या आणि आपले ढोलवाले एकाच रांगेत.

एकदाच असं झालं की बाहेरच्यांनी लिहिलेलं वाचून सगळ्यांना एकसारखं बरं वाटलं. ८ एप्रिल २०२४, खग्रास सूर्यग्रहण. क्लीव्हलँड अगदी पट्ट्यात होतं, जवळजवळ चार मिनिटं अंधार. आदल्या दिवशीच इथे मुलींच्या कॉलेज बास्केटबॉलची फायनल झालेली, आणि ग्रहणाच्या दिवशीच इथल्या बेसबॉल टीमची, गार्डियन्सची, घरच्या मैदानावरची सीझनमधली पहिली मॅच, त्यामुळे शहर नुसतं ओसंडून वाहत होतं. इथे एप्रिलमध्ये आकाश मोकळं असेल यावर कोणी पैसे लावले नसते पण त्या दिवशी होतं. आम्ही एजवॉटर पार्कला गेलो. सव्वातीनला अंधार झाला, तळ्यावरचे सीगल एकदम किनाऱ्याकडे आले, क्षितिजावर चारी बाजूंनी संध्याकाळसारखा केशरी रंग, आणि हजारो माणसं एकाच वेळी ओरडली. नंतर जे लेख आले त्यात नदी नव्हती आणि धक्काही नव्हता. लिहिणारे आकाश बघायला आले होते, आणि शेजारी उभ्या असलेल्या माणसांबद्दल जे दिसलं ते लिहिलं, कोणी चष्मा दिला, कोणी सँडविच दिलं, परतीच्या ट्रॅफिकमध्ये कोणी काय केलं. बास, एवढंच हवंय.

तर कोणी इकडे येणार असाल, लिहायला किंवा नुसतं बघायला, तर मार्केटला शनिवारी सकाळी लवकर जा आणि पिशवी न्या. हेल्थलाइन पूर्ण मार्गभर करा, मधे एका तरी स्टॉपला उतरा. करामूचं नाटक लागलं असेल तर तिकीट काढा. फ्लॅट्समध्ये जहाज कधी येणार हे मोबाइलवर कळतं, त्याच्या अर्धा तास आधी पोचा. ईस्टरच्या आसपास येणार असाल तर त्यागराजला या, आणि कोट आणा, मार्च-एप्रिलला इथे उन्हाळा समजू नका. आमच्याकडे लेकवुडला जेवायलाही या, आजोबांना बोलावते, १९७८ बद्दल त्यांनाच विचारा.